सेस्ना १७२ विमान : पंखाखाली निळा डाग, केबिनमध्ये पेट्रोलचा वास. गळती कुठून शोधायला घ्यावी?

खारा वारा

गोव्यात समुद्राजवळ उघड्या ॲप्रनवर (विमाने उभी करायच्या फरसबंद जागेवर) उभ्या असलेल्या १७२एसबद्दल विचारतो आहे. पंखातच बांधलेल्या दोन टाक्या, प्रत्येकी २८ गॅलन, म्हणजे साधारण १०६ लिटर. लक्षणे अशी :

उजव्या पंखाच्या खालच्या पत्र्यावर, मुळापासून हातभर अंतरावर, रिव्हेटच्या ओळीत निळा डाग. पुसला की रात्रीत पुन्हा उमटतो. थेंब जमिनीवर पडत नाही.

सकाळी दार उघडले की केबिनमध्ये वास. टाकी अर्ध्याखाली आली की वास जातो, पण पंखाखालचा डाग फिका का होईना, राहतोच.

डाव्या पंखाच्या व्हेंटमधूनही (टाकीत हवा येण्याजाण्याच्या नळीतूनही) दुपारी कधीकधी थेंब दिसतात.

परवानाधारक इंजिनिअर पुढच्या आठवड्यात येणार आहेत. त्याआधी काय तपासून, नोंदवून ठेवले तर त्यांचा वेळ टाकी उघडण्यात वाया जाणार नाही?

रिव्हेट

खारा वारा बाब, सगळ्यात आधी एक गोष्ट. केबिनमध्ये वास आहे तोवर हे विमान उडवायचे नाही. पंखाच्या उघड्या पत्र्यावरचा डाग वाऱ्याने वाळतो, पण बंद जागेत साठणारी वाफ मास्टर स्विचच्या ठिणगीची वाट बघत असते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती फरशीखाली जाऊन बसते. हवेत दीड टक्क्याच्या आसपास वाफ मिसळली तरी ती पेट घेऊ शकते. म्हणून दारे उघडी, बॅटरीची जोडणी काढलेली, जवळ अग्निशामक, आणि विमानाला अर्थिंग. टॉर्चसुद्धा ठिणगी-सुरक्षित हवा.

आता तुमची लक्षणे. टाकीच्या पातळीबरोबर वास येतो-जातो, डाग मात्र पातळी कशीही असो राहतो. याचा अर्थ गळत्या बहुधा दोन आहेत, एक टाकीच्या मध्याच्या वर आणि एक तळाजवळ. ही नोंद फार मोलाची आहे, इंजिनिअरना हीच आधी सांगा.

डागाचे माप घ्या. जागा कोरडी पुसा, मॅन्युअलात दिलेला वेळ थांबा आणि ओल किती पसरली ते मोजा. सेस्नाच्या वर्गवारीत पाऊण इंचापर्यंत म्हणजे १९ मिलिमीटरपर्यंत नुसता डाग, तिथून दीड इंच म्हणजे ३८ मिलिमीटरपर्यंत झिरप, त्यापुढे जोराची झिरप आणि शेवटी वाहती गळती. उघड्या पत्र्यावरचे पहिले दोन प्रकार प्रत्येक उड्डाणानंतर बघत राहून काही काळ चालवून घेता येतात. वाहती गळती कुठेही असो आणि बंद जागेतली गळती कितीही लहान असो, आधी दुरुस्ती, मग उड्डाण.

पेन्सिलने डागाची कड आखू नका. ग्रॅफाइटने ॲल्युमिनियम गंजते, आणि आपल्या खाऱ्या हवेत तर लवकरच. कडेला मास्किंग टेपचे तुकडे लावा आणि फोटो काढा.

दूधसागर

डाव्या व्हेंटचे थेंब वेगळे काढा, ती गळती नसण्याचीच शक्यता जास्त.

ॲव्हगॅस, म्हणजे या विमानात भरायचे निळे पेट्रोल, दर अंश सेल्सियसला साधारण ०.१ टक्का फुगते. पहाटे गळ्यापर्यंत भरलेली १०६ लिटरची टाकी दुपारी १० अंशांनी तापली तर लिटरभर पेट्रोलला जागाच उरत नाही. ते व्हेंटवाटेच बाहेर येणार, व्हेंट त्यासाठीच आहे.

दुसरे कारण म्हणजे उतार. ॲप्रनला पाणी वाहून जाण्यासाठी ढाळ असतोच, आणि पावसाळ्याच्या हिशेबाने आपल्याकडे तो सढळ ठेवतात. सिलेक्टर (कोणत्या टाकीतून पेट्रोल घ्यायचे ते ठरवणारी मूठ) ‘बोथ’वर, म्हणजे दोन्ही टाक्यांवर, ठेवून विमान तिरके उभे केले की वरच्या टाकीतले पेट्रोल खालच्या टाकीत उतरत राहते आणि ती भरली की व्हेंटमधून ठिबकते. उभे करताना सिलेक्टर ‘लेफ्ट’ किंवा ‘राइट’वर ठेवा. थेंब बंद झाले तर हा मुद्दा मिटला.

एवढे करूनही अर्ध्या टाकीला थेंब येत असतील तर व्हेंटमधला झडपेचा व्हॉल्व्ह तपासायला सांगा. आणि व्हेंटच्या नळीत कुंभारीण माशीने मातीचे घर केले आहे का तेही बघा. उघड्यावर उभ्या विमानात ही माशी ठरलेली. व्हेंट बुजला तर टाकीत निर्वात होऊन पेट्रोल येणेच थांबते, ते गळतीपेक्षा वाईट.

तेरेखोल

वासाच्या बाबतीत माझा पहिला संशय सेंडरवर. गेजला पेट्रोलची पातळी कळवणारा सेंडर टाकीच्या आतल्या बाजूच्या रिबवर (पंखाच्या फासळीवर), म्हणजे केबिनकडच्या तोंडावर बसलेला असतो. त्याची गॅस्केट कडक झाली की पातळी तिच्या वर असेपर्यंत पाझरते, नंतर थांबते. पेट्रोल पंखाच्या मुळातून छताच्या अस्तराकडे उतरते. तुमचे वर्णन याला नेमके जुळते.

तरी टाकीकडे वळण्याआधी बाकीची जागा फिरून या. १७२एसला एकूण १३ ड्रेन (पेट्रोलचा नमुना काढायच्या छोट्या झडपा) आहेत. प्रत्येक पंखाखाली ५ आणि पोटाखाली ३. प्रत्येकाला कोरडे बोट लावून बघा. ड्रेन ठिबकत असेल तर बहुतेक वेळा त्याच्या झडपेच्या बैठकीवर कचरा अडकलेला असतो. दोन-चारदा पूर्ण उघडून पेट्रोल वाहू दिले की निघून जातो. तरी थांबले नाही तर ओ-रिंग. ओ-रिंग इंधनासाठीचीच हवी, एमएस२९५१३ मालिकेतली, सीलबंद पाकिटातली. गाड्यांच्या दुकानात मापाला बसणारी मिळते म्हणून ती घालू नका, पेट्रोलमध्ये फुगून तिचा आकार बिघडतो.

मग इंजिनची बाजू. मिक्स्चर (इंजिनला जाणारे पेट्रोल कमी-जास्त करणारा दांडा) पूर्ण मागे ओढलेले असताना इलेक्ट्रिक पंप थोडा वेळ चालवायचा आणि दुसऱ्या माणसाने स्ट्रेनर (इंधनाची गाळणी), पंप, फ्युएल सर्वो (इंजिनला पेट्रोल मोजून देणारा भाग), होजचे सांधे बघायचे. मिक्स्चर पुढे राहिले तर सिलिंडरांत पेट्रोल भरते आणि इनटेकमधून खाली सांडते, मग कुठे गळते ते कळायचे नाही. केबिनमधला वास पूर्ण गेल्याशिवाय आणि बॅटरी परत जोडल्याशिवाय ही पायरी होत नाही, म्हणून ती इंजिनिअरसमोरच करा. सिलिंडरांवरच्या बारीक इंजेक्टर नळ्यांसाठी इंजिन बनवणाऱ्या लायकमिंगचे सर्व्हिस बुलेटिन ३४२ आहे. क्लॅम्प जागेवर आहेत का, नळी कुठे घासते का, नोझलच्या मुळाशी निळा रंग आहे का, हे बघायचे.

खारा वारा

सगळ्यांना धन्यवाद. निकाल :

सिलेक्टर ‘लेफ्ट’वर ठेवल्यापासून डाव्या व्हेंटला थेंब नाही. तेराही ड्रेन कोरडे.

उजवा पंख धुऊन, सुकवून, डागाच्या जागी टाल्कम पावडरचा पातळ थर दिला. दोन तासांत पावडरीत ओली रेघ उमटली, ती एका रिव्हेटपासून सुरू होऊन मागे गेली. ओल २५ मिलिमीटर पसरली, म्हणजे झिरप.

पंखाच्या मुळाचे फेअरिंग (सांध्यावरचे आच्छादन) इंजिनिअरांनी येऊन काढले. सेंडरच्या खालच्या दोन स्क्रूंना निळी पुटे, गॅस्केटची कड तडकलेली. बाकी सांधे स्वच्छ.

सेंडरचे ठीक. पण रिव्हेटला बाहेरून सीलंटचा (गळती बुजवणाऱ्या लेपाचा) ठिपका देऊन भागेल का? ओळखीतले काहीजण तर इपॉक्सी पुट्टी लावा म्हणतात.

रिव्हेट

नाही, पुट्टी नको आणि बाहेरचा ठिपकाही नको. कारण समजून घ्या. टाकीतले पेट्रोल आतून बाहेर ढकलत असते. बाहेर लावलेला सीलंट त्या दाबासमोर उभा असतो आणि त्याच्या बुडाला सतत पेट्रोल लागत असते. ओल्या पत्र्यावर तो धरतच नाही. धरलाच, तर पेट्रोल पत्र्याच्या दोन थरांमधून पुढे सरकते आणि चौथ्या-पाचव्या रिव्हेटला बाहेर येते. मग खरी जागा शोधणे दुप्पट कठीण. आतून लावलेल्या सीलंटला तोच दाब पत्र्यावर दाबून धरतो.

जिथे डाग दिसतो तिथे आत गळती असेलच असे नाही, हे मनात पक्के ठेवा. पेट्रोल स्ट्रिंगरच्या (पत्र्याला आतून ताठ ठेवणाऱ्या पट्टीच्या) कडेने, रिबच्या पायाशी, दोन पत्र्यांच्या सांध्यातून वाट काढत हातभर दूर जाऊन बाहेर पडते. म्हणून टाकी उघडल्यावर दिसेल ते जुने सीलंट खरवडत सुटायचे नाही. आधी दाबाची चाचणी.

क्रम असा. टाकी रिकामी करा, सेंडर नव्या गॅस्केटसह बसवा आणि मगच चाचणी घ्या, म्हणजे सेंडरचीही परीक्षा त्यातच होते. सेंडरच्या स्क्रूंच्या डोक्याखाली सीलचे वॉशर असतात. ते जुने परत वापरू नका. स्क्रू समोरासमोरचे, थोडेथोडे करत आवळा. एकाच बाजूने आवळत गेले तर प्लेट वाकते आणि नवी गॅस्केटही पहिल्याच दिवशी पाझरते. टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, मॅन्युअलातला.

रिकामी करताना पेट्रोल धातूच्या पिंपात, आणि विमान, नळी, पिंप तिन्ही तारेने एकमेकांना व जमिनीला जोडलेली. प्लास्टिकची बादली चालणार नाही, ती स्थिर वीज धरून ठेवते. ड्रेनचे नमुने मातीत ओतू नका. आपल्या जांभ्यातून ते सरळ कुणाच्या तरी विहिरीत उतरते, आणि लिटरमागे ०.५६ ग्रॅमपर्यंत शिसे त्यात असते. हातमोजेही त्यासाठीच.

रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची, कारण आत वाफ आणि हवा दोन्ही असतात. हवेवर चालणाऱ्या ब्लोअरने वायुवीजन द्या, गॅस मीटरवर स्फोटमर्यादेच्या १० टक्क्यांखाली वाचन आल्याशिवाय आत हातही घालू नका.

दूधसागर

दाबाच्या चाचणीवर थोडे सविस्तर लिहितो, कारण पंख खराब होतात ते इथेच.

कमाल दाब अर्धा पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच). ऐकायला काहीच नाही असे वाटते. पण एक चौरस मीटर पत्र्यावर तो सुमारे ३५० किलोचा भार होतो. कॉम्प्रेसरची नळी सरळ जोडली आणि रेग्युलेटर अडकला, तर क्षणात पत्रा फुगतो आणि सगळे सांधे सुटतात. म्हणून गेजवर विसंबायचे नाही, पाण्याचा मॅनोमीटर लावायचा. पारदर्शक नळी यू आकारात फळीवर बांधा, अर्धी पाण्याने भरा, एक टोक टाकीला, दुसरे उघडे. दोन्ही बाजूंच्या पातळीतला फरक ३५ सेंटिमीटर झाला की अर्धा पीएसआय. नळीची उंची बेताची ठेवा, म्हणजे दाब वाढलाच तर पाणी बाहेर उडून टाकी मोकळी होईल. हीच तुमची सेफ्टी व्हॉल्व्ह. हवा सायकलच्या पंपाने भरली तरी पुरते.

दुसऱ्या टाकीकडे जाणारी व्हेंटची नळी, इंधनाचे आउटलेट आणि व्हेंटवाले झाकण, तिन्ही बंद करा. एक राहिले तरी दाब उतरत राहील आणि तुम्ही पंखात नसलेली गळती शोधत बसाल.

चाचणी उन्हात घेऊ नका. बंद टाकीतली हवा एका अंशाने तापली की पाण्याची पातळी सुमारे साडेतीन सेंटिमीटर चढते, ढग आला की उतरते. १० अंश तापली तर पंप न मारताच अर्धा पीएसआय होतो. हँगरमध्ये, सकाळी, पंख हवेच्या तापमानाला आल्यावर घ्या.

मग सौम्य साबणाचे पाणी ब्रशने सगळ्या सांध्यांवर. मोठी गळती लगेच फुगे काढते. बारीक गळतीचा फक्त पांढरा फेस येतो आणि त्याला काही मिनिटे लागतात, घाई करू नका. नंतर गोड्या पाण्याने धुऊन काढा.

बाहेरची जागा कळली की उलटी चाचणी. आता टाकीतला दाब सोडून झाकण उघडा, बाहेरून त्या रिव्हेटवर रबरी टोकाच्या नळीने हलकी हवा द्या आणि आतून साबण लावा. जिथे आत फुगा येतो, ती खरी जागा.

साळावली

मध्येच विचारतो, माफ करा. हे सगळे ॲव्हगॅसचे झाले. डायमंड डीए४० एनजीसारखी विमाने जेट ए-१ या रॉकेलसारख्या इंधनावर चालतात. त्यात गळती कशी ओळखायची? निळा रंगच नसतो.

तेरेखोल

जेट ए-१ लवकर उडून जात नाही, ओलच राहते. त्या ओलीवर धूळ बसते. आपल्याकडे लाल माती असल्याने तपकिरी तेलकट पट्टा दिसतो, तो इंजिन ऑइल समजून पुसला जातो. बोटाला चोळून वास घ्या, रॉकेल लगेच कळते. टाल्कम पावडर इथेही चालते. ॲव्हगॅस मात्र उडून जाते आणि मागे निळा रंग ठेवते. म्हणून निळा डाग कोरडा असला तरी तो जुनाच आहे असे समजू नये.

मायक्रोलाइटवाल्यांसाठीही (अतिहलकी विमाने उडवणाऱ्यांसाठीही) एक सूचना. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल आहे आणि त्यांच्या रोटॅक्स ९१२ इंजिनाला १० टक्क्यांपर्यंतच परवानगी आहे. इथेनॉल पावसाळी हवेतले पाणी ओढते, काही रबर फुगवते. टाकीत ओतून फिरवायचा जुन्या प्रकारचा सीलंट त्याने सुटतो आणि पापुद्रे गाळणीत येऊन इंजिन बंद पडते. त्या सीलंटचा मोह टाळा.

खारा वारा

उलट्या चाचणीत आत फुगा आला तो बाहेरच्या रिव्हेटपासून २० सेंटिमीटर पुढे, रिब आणि खालच्या पत्र्याच्या कोपऱ्यात. तिथला सीलंटचा फिलेट (कोपऱ्यात भरलेला जाड थर) एका बाजूने उचलला गेला आहे. सेंडरला फेस नाही. आता सीलंट कोणता, किती, आणि या हवेत कसा लावायचा?

रिव्हेट

छान, म्हणजे आता फक्त तेवढाच कोपरा उघडायचा.

सीलंट पॉलिसल्फाइड, एएमएस-एस-८८०२ प्रमाणाचा. वर्ग ‘ए’ पातळ, ब्रशने लावायचा. वर्ग ‘बी’ घट्ट, फिलेटसाठी. पुढचा आकडा २५ अंशांना हाताळायला मिळणारे तास सांगतो. बी-२ म्हणजे दोन तास काम, सुमारे ४० तासांत चिकटपणा जातो, ७२ तासांत पक्का. बी-१/२ म्हणजे अर्धा तास, १० आणि ३०.

गोव्यात हे आकडे तसेच धरू नका. ढोबळ हिशेब असा की १० अंश वाढले की वेळ निम्मा, आणि दमट हवेत त्याहून कमी. एप्रिल-मेमध्ये हँगरमध्ये ३५ अंश असताना बी-१/२ चे पंधरा मिनिटांतच रबर होऊ लागते. वाकून, आरशात बघत, एका हाताने काम करताना ते पुरत नाही. बी-२ च घ्या. एवढ्या कोपऱ्याला अडीच औंसाचे एक कार्ट्रिज भरपूर. पाकिटावरची मुदत बघा. साठवण २७ अंशांखाली हवी, म्हणजे इथे एसी खोली किंवा फ्रीज. बाहेर काढल्यावर कार्ट्रिज खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडायचे नाही, नाहीतर थंड तोंडावर दव धरते आणि ते पाणी सीलंटमध्ये मिसळते.

उचललेला फिलेट प्लास्टिकच्या किंवा लाकडी पट्टीने काढा. स्टीलची पट्टी पत्र्याला ओरखडा देते, तिथून पुढे तडा जातो. दोन्ही टोकांना घट्ट धरलेला जुना सीलंट लागेपर्यंत काढत जा आणि ती टोके तिरपी कापा. कोपऱ्यात पांढरी भुकटी दिसली तर ती गंज आहे. ती काढून, गंजाची खोली मोजून, कन्व्हर्जन कोटिंग (गंजरोधक रासायनिक थर) आणि प्रायमर दिल्याशिवाय पुढे जाऊ नका. समुद्राजवळ हे हमखास तपासायचे.

पृष्ठभाग नायलॉनच्या घासणीने खरखरीत करा, जुन्या सीलंटची टोकेसुद्धा. एमईके या सॉल्व्हंटने पुसा, आणि ते स्वतःहून उडण्याआधी दुसऱ्या कोरड्या पांढऱ्या फडक्याने टिपून घ्या. उडू दिले तर विरघळलेला तेलकटपणा तिथेच परत बसतो. फडके स्वच्छ निघेपर्यंत हे चालू ठेवा. मग ॲडहिजन प्रमोटर (सीलंटची पकड वाढवणारा द्रव), त्याच्या सूचनेइतका वाळवून.

मिश्रण वजनाने दहाला एक. कार्ट्रिजमध्ये ते मोजलेलेच असते, दांडा सांगितला तेवढा फिरवा. एकही पांढरा-काळा पट्टा दिसता कामा नये. आधी वर्ग ‘ए’ चा ब्रशने थर, कोपऱ्यात आणि रिव्हेटच्या डोक्याभोवती जोर देऊन, म्हणजे हवा अडकणार नाही. त्यावर बी-२ चा फिलेट, प्रत्येक बाजूला साधारण ६ मिलिमीटर. गोल पट्टीने दाबत न्या. पट्टीला पाणी किंवा साबण लावून गुळगुळीत करायची सवय असेल तर इथे ती सोडा.

पावसाळ्यात हे काम उजाडता घेऊ नका. पत्रा दवबिंदूच्या खाली असतो, डोळ्याला न दिसणारी ओल त्यावर असते. दहानंतर, पत्रा कोरडा झाल्यावर.

झुवारी

याला जोडून : त्याच मिश्रणाचा थोडा भाग कागदी कपात काढून विमानाशेजारी ठेवा, त्यावर वेळ आणि बॅच क्रमांक लिहा. टाकीतला सीलंट पक्का झाला की नाही हे बोट लावून बघता येत नाही, कपातला कापून बघता येतो. आतून चिकट निघाला तर घड्याळ काहीही सांगो, पेट्रोल भरायचे नाही. उष्णतेमुळे लवकर वाळेल हे खरे, तरी ७२ तास पूर्ण होऊ द्यायला काय हरकत आहे?

आणि सांधे सोडलेच आहेत तर : इंधनाच्या नळीच्या फ्लेअर नटवर (नळीचे फुलवलेले तोंड धरणाऱ्या नटवर) टेफ्लॉन टेप मुळीच नको. तिथे सीलिंग ३७ अंशांच्या धातूच्या शंकूवर होते, आट्यांवर नाही. टेपचा तुकडा सुटून गाळणीत जातो. ३/८ इंची ॲल्युमिनियम नळीला टॉर्क ७५ ते १२५ इंच-पाउंड, सुमारे ८.५ ते १४ न्यूटन-मीटर. तरी पाझरत असेल तर आणखी आवळू नका. सोडा, फ्लेअरला चीर आहे का बघा. दाब असताना तर सांधा आवळायचाच नाही.

खारा वारा

देव बरे करो. शेवटचे दोन प्रश्न. भरताना टाकी एकदम पूर्ण भरावी का? आणि रिव्हेटपाशी बाहेर जो निळा रंग पत्र्यांच्या मध्ये राहिला आहे, तो नव्या गळतीसारखा दिसणार नाही का?

दूधसागर

आधी झाकण बंद करून दाबाची चाचणी पुन्हा घ्या, त्याच ३५ सेंटिमीटरवर. मग टप्प्याने भरा. पहिल्यांदा चौथा हिस्सा, तासभर थांबा, बघा. मग सेंडरच्या वरपर्यंत, पुन्हा बघा. शेवटी पूर्ण, आणि २४ तास उभे. टप्प्याने भरले की गळती असलीच तर कोणत्या उंचीवर आहे ते लगेच कळते, पुन्हा सगळी टाकी रिकामी करावी लागत नाही. प्रत्येक टप्प्याला ड्रेनमधून नमुना काढा, सीलंटचे कण येतात का बघा.

अडकलेल्या रंगाबद्दल तुमची शंका बरोबर आहे. दोन पत्र्यांमध्ये उरलेले पेट्रोल काही दिवस थोडे थोडे बाहेर येते. दाबाच्या चाचणीनंतर, भरण्याआधी, बाहेरून त्या सांध्यावर हलक्या दाबाची हवा फिरवा आणि फडक्याने टिपा. नंतर रोज पुसून माप लिहा. रोज कमी होत गेला तर तो जुना साठा. एकसारखा राहिला तर गळती.

तेरेखोल

पहिल्या उड्डाणानंतर आठवणीने स्ट्रेनरची गाळणी उघडून बघायला सांगा, कापलेल्या सीलंटचे तुकडे तिथेच येतात. वाऱ्याने आणि कंपनाने पंख वाकतो तेव्हाच फिलेटची खरी परीक्षा होते, त्यामुळे उतरल्यावर लगेच पंखाखाली हात फिरवा. लॉगबुकात सीलंटचा प्रकार, बॅच, मुदत, चाचणीचा दाब आणि कालावधी, सेंडरच्या गॅस्केटचा भाग क्रमांक आणि तिचे प्रमाणपत्र, सगळे यायला हवे. दुरुस्तीची जागा रिब आणि कोपऱ्यासह रेखाटून ठेवा. पुढच्या वेळी डाग दुसऱ्या रिव्हेटला दिसला तर हाच कोपरा आहे की नवा, हे त्या रेखाटनावरूनच ठरवता येईल.